शुद्ध जर्मन बाळंतपण

ज्याच्या दारात विहीर आहे त्याने बाटलीतलं पाणी विकत घ्यावं, यात हल्ली कुणाला काही वाटत नाही. पण ज्याच्या मागच्या भिंतीपलीकडची अख्खी टेकडी देगूंनी पोखरून ठेवली आहे, त्याने दोन देगू विकत आणावेत, तेही जर्मन म्हणून, ही करामत चिलीतल्या पेउमाल गावात अर्नाल्दो ओयार्सून क्लेनर या एकाच गृहस्थाला जमली.

देगू म्हणजे काय हे पेउमालमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खारीएवढं अंग, उंदराचं तोंड, शेपटीच्या टोकाला रंगाऱ्याच्या ब्रशासारखा झुबका, आणि जगातली प्रत्येक वस्तू आपल्या दातांसाठीच घडवली आहे अशी अढळ श्रद्धा. शेतकरी त्यांना शिव्या देतात, कुत्रे त्यांच्यामागे धावून दमतात, आणि बाकीचं गाव त्यांच्याकडे बघतही नाही.

अर्नाल्दो पाणीपुरवठ्याच्या मीटर खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाला होता. चिलीत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. दुसरं सहसा फक्त पोलीस आणि पाद्री विचारतात. अर्नाल्दोचं उलट होतं. ‘ओयार्सून’ हे तो घसा खाकरल्यासारखं उरकायचा, मग जरा थांबायचा, छाती भरून घ्यायचा आणि ‘क्लेनर’ म्हणायचा. हे क्लेनर म्हणजे त्याच्या आईचे वडील. दक्षिणेत ओसोर्नोजवळ ते दारूची पिंपं बांधायचे, आणि जाणकारांच्या मते ती रिकामी करण्यातही त्यांचा हात होता. पण होते जर्मन. अर्नाल्दोला जर्मन भाषेतले दोन शब्द येत. त्यातला एक सॉसेजचा प्रकार होता.

एवढ्या भांडवलावर त्याला गावच्या जर्मन मंडळाचं सभासद व्हायचं होतं. लाकडी इमारत, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, आत पियानो, आणि पियानोवर बसायला कुणालाच परवानगी नाही, असं ते मंडळ. अर्नाल्दोने तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा अध्यक्ष एदेल्त्राउत वीगांद बाईंनी ‘विचार चालू आहे’ असं कळवलं. तो विचार कुठवर आला हे पाहायला अर्नाल्दो मंडळाच्या प्रत्येक बाजारात हजर राहून नको असलेलं विणकाम विकत घ्यायचा.

अशाच एका हिवाळी बाजारात एदेल्त्राउतबाई कुणाला तरी सांगत होत्या, “माझ्या ड्रेस्डेनच्या भाचीकडे दिवाणखान्यात देगूंची जोडी आहे. काय शांत, काय स्वच्छ. आपल्याकडची ती टेकडीवरची जात वेगळी आणि ते वेगळे. मंडळाच्या दिवाणखान्यात तशी एक जोडी असती तर...”

तो ‘तर’ अर्नाल्दोने हातातल्या सॉसेजसकट उचलला. पुढच्याच आठवड्यात विन्या देल मारला जाऊन एका गोड बोलणाऱ्या दुकानदाराकडून त्याने ओटो आणि लीझेलोटे असं दांपत्य आणलं. त्यांचे आईबाप हाम्बुर्गचे असल्याचा कागद सोबत होता. कागदावर गरुडाचा शिक्का होता. बायकोच्या, म्हणजे मिरेयाच्या मते ती कोंबडी होती.

“टेकडीवर फुकट मिळतात,” मिरेया म्हणाली.

“ते चिलीचे.”

“आणि तू कुठला?”

“मी क्लेनर.”

मिरेयाने विणकामाचे टाके पुन्हा मोजायला घेतले. पस्तीस वर्षांच्या संसारात या विषयावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एदेल्त्राउतबाईंना खबर पोचवली गेली. त्यांनी निरोप दिला, “पिल्लांची जोडी मंडळाला द्या. मग तुमच्या अर्जाचं बघू.” तेव्हापासून अर्नाल्दोचं उरलेलं आयुष्य एका देगूच्या पोटात वाढू लागलं.

मागच्या अंगणात, टेकडीच्या भिंतीला लागून, त्याने जाळीचं घर बांधलं. उतरतं छप्पर, जर्मन झेंड्याच्या काळ्या-लाल-पिवळ्या चौकटी, आत जिरेनियमची कुंडी. देगूंना उकरायला आवडतं असं पुस्तकात होतं, म्हणून तळाला फरशी न घालता माती ठेवली. हा त्याच्या दूरदृष्टीचा नमुना पुढे कामी आला. दारावर ‘व्हिला लीझेलोटे’ अशी पाटीही लावली. पाटी तिसऱ्या दिवशी लीझेलोटेनेच खाल्ली.

ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडचा हिवाळा सरत आला तशी, लीझेलोटे रुंद दिसू लागली. आधी पोळीसारखी बसायची, आता पावासारखी बसू लागली. अर्नाल्दोने गल्लीत कुणाला न सांगायचं ठरवलं आणि दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत झालं.

पहिली आली शेजारची नोल्फाबाई. सहा मुलं वाढवलेली आणि दोन नवरे पोचवलेली बाई. जन्म आणि मृत्यू या दोन्ही खात्यांवर गल्लीत तिचाच शब्द चाले. जाळीला नाक लावून तिने निकाल दिला, “शेजारी, पोट खाली उतरलंय. मुली होणार.”

“किती, ते पशुवैद्य सांगतील.”

“पशुवैद्य सांगतील, पण दूध पशुवैद्य आणून देणार आहेत का?” असं म्हणून तिने पदराखालून काढावी तशी शालीखालून एक बाटली काढली. काळी माल्ट बिअर, आणि त्यात कालवलेलं भाजलेल्या गव्हाचं पीठ. “यानं दूध उतरतं. माझी सहाही पोरं याच्यावर वाढली.”

“बाई, हिला साखर चालत नाही. देगूंना साखरेचा आजार पटकन होतो. आणि ती उंदराच्या कुळातली आहे.”

“मग उंदराच्या मापानं द्या ना. मी कुठं म्हणते बाटली तोंडाला लावा.”

बिअर अर्नाल्दोने स्वतः संपवली, कारण फेकली असती तर तिने विचारलं असतं. दुसऱ्या दिवशी ती लाल लोकरीचा धागा घेऊन आली. एवढ्या लोकांच्या नजरा पडतात, दृष्ट लागेल, पायात बांधा. अर्नाल्दो म्हणाला की जर्मनीत असलं काही मानत नाहीत. ती म्हणाली, म्हणूनच तिकडे पोरं कमी होतात. धागा बांधला गेला, आणि बांधणाऱ्याचा हात बाहेर यायच्या आत लीझेलोटेने तो गिळला.

“खाल्ला?” नोल्फाबाई क्षणभर विचारात पडली. “मग आतूनच बांधला गेला. हे अधिक चांगलं.”

रविवारी मिरेयाचा भाऊ एलिसेओ आला. त्याची अव्होकाडोची बाग होती, आणि देगू हे त्याच्या आयुष्याचं दुखणं होतं. झाडांचे बुंधे कुरतडणाऱ्या या जमातीला हाकलण्यासाठी त्याने एक माणूस, दोन कुत्रे आणि पुष्कळ शब्द राखून ठेवले होते. तो जाळीसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. आत ओटो लसूणघासाची काडी दोन्ही हातांत धरून, पावा वाजवल्यासारखी खात होता.

“दाजी, हे विकत आणलेत?”

“ते वेगळे आहेत, एलिसेओ.”

“वेगळे कसे?”

“जर्मन आहेत.”

एलिसेओने पुन्हा एकदा नीट पाहिलं. “म्हणजे झाड कुरतडायच्या आधी परवानगी मागतात का?”

“तुला नाही कळायचं.”

“नाहीच कळत. माझ्याकडे या, पोतं भरून देतो. वर पोतंही ठेवून घ्या.”

अर्नाल्दोने त्याला चहाही दुसऱ्यांदा विचारला नाही.

मग पशुवैद्य. ही एक तरुण मुलगी होती, आणि अर्नाल्दोने सांगितलेल्या कुळकथेकडे तिने अत्यंत व्यावसायिक दुर्लक्ष केलं. लीझेलोटेचं पोट बोटांनी चाचपून ती म्हणाली, पाच तरी आहेत, सुकं गवत भरपूर द्या, गोड काही नको, आणि तिला उगाच हातात घेऊ नका. मग म्हणाली, “यांची सरकारी नोंद केलीय ना? देगू आपलं रानटी जनावर आहे. पाळायचं तर परवानगी लागते.”

नियम मोडणं अर्नाल्दोच्या रक्तात नव्हतं, निदान क्लेनरांकडच्या रक्तात तरी. तो टाय लावून जिल्ह्याच्या गावी पशुखात्याच्या कचेरीत गेला. खिडकीमागे एक गोल चेहऱ्याची बाई बिस्कीट खात होती.

“जनावर इथलं की परदेशी?”

“परदेशी. जर्मन.”

“आयातीचा परवाना?”

“जन्म विन्याचा आहे. आईबाप हाम्बुर्गचे.”

“विन्याला जन्मले म्हणजे इथलेच. मग टेकडीवरून धरल्याबद्दल दंड.”

“बाई, धरलेले नाहीत. हा कागद पाहा. वंश जर्मन आहे.”

बाईने कागद पाहिला, शिक्का पाहिला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला. त्याने चष्मा वर करून विचारलं, “हे बदक आहे का?”

“साहेब,” बाई जरा मायेने म्हणाली, “देगू जगात कुठंही असो, मुळात चिलीचाच. जर्मनीत आहेत ते इथूनच कधीतरी गेलेत.”

अर्नाल्दोला हे वाक्य लागलं. पण तो मीटर खात्यात साहेब होता, त्यामुळे कुठल्याही वाक्यातून पळवाट काढणं त्याला येत होतं. “मग असं समजा,” तो म्हणाला, “की हे मायदेशी परत आलेत.”

“परतून येणाऱ्यांची खिडकी वेगळी आहे. ती मंगळवारी उघडते. पण ती माणसांसाठी आहे.” तिने बिस्कीट संपवलं. “पिल्लांच्या बापाचं नाव सांगा, तोवर एवढं लिहून घेते.”

“ओटो,” अर्नाल्दो ठासून म्हणाला, आणि त्याखाली सही केली.

घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ओटोही रुंद व्हायला लागला आहे. बाप होणार म्हणून मनावर दडपण आलं असेल, असं त्याने अनुकंपेने मिरेयाला सांगितलं. स्वतः बाप होताना त्याचंही वजन वाढलं होतं. पण ओटो जेव्हा बसल्या जागी एका कुशीवर कलंडू लागला, तेव्हा त्याला टोपलीत घालून पुन्हा पशुवैद्याकडे न्यावं लागलं.

तिने ओटोला उलटं केलं. अर्नाल्दोकडे पाहिलं. परत ओटोकडे पाहिलं.

“याचं नाव काय म्हणालात?”

“ओटो.”

“हिचं. ही मादी आहे. आणि हिलाही दिवस गेलेत. दोघी साधारण एकदमच मोकळ्या होतील.”

 अर्नाल्दोने हळू आवाजात विचारलं, “मग बाप कोण?”

“ते मला कसं कळणार? घरात आणखी कुणी नर आहे?”

“मी,” अर्नाल्दो म्हणाला. पशुवैद्य मुलीने खाली मान घालून हात धुवायला घेतले आणि ते खूप वेळ धुतले.

घरी हा प्रश्न मिरेयाने एका टाक्यात सोडवला. “तो तिसरा असेल.”

“कुठला तिसरा?”

“तो नाही का, जरा काळसर. दुपारी जेवायला येतो. मला वाटलं, तू आणखी एक जर्मन आणलास. तू बोलला नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही.”

कुंडी हलवली तर खाली वाटीच्या तोंडाएवढं, गुळगुळीत, रोजच्या वापरातलं भोक निघालं. ते भिंतीखालून थेट टेकडीवर जात होतं. अर्नाल्दो दुपारभर टाय लावून कुंडीमागे दबा धरून बसला. चारच्या सुमाराला काळसर जावईबापू सावकाश आत आले, लीझेलोटेच्या कानाला कान घासला, ओटोची विचारपूस केली आणि लसूणघासाकडे वळले. अर्नाल्दोने झडप घालून शेपूट पकडली. देगूची शेपूट धरायची नसते हे त्याच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं, पण ते प्रकरण त्याने गाळलं होतं. जावईबापू भोकातून पसार झाले आणि शेपटीचा झुबका सासऱ्याच्या मुठीत राहिला.

त्या दिवसापासून त्याचं नाव बांडा पडलं. आणि त्याच संध्याकाळी अर्नाल्दोने त्या भोकात दगड भरले आणि वरून सिमेंट ओतलं. एका हाताने थापी चालवत दुसऱ्या हाताने घाम पुसताना त्याने मिरेयाला बजावलं, हे घराबाहेर जाता कामा नये. एदेल्त्राउतबाईंना पिल्लंच तर द्यायची आहेत. बापाचं नाव ओटो, सरकारदरबारी लिहिलेलं आहे, सहीनिशी. पिल्लांच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं?

भिंतीपलीकडून नोल्फाबाईचा आवाज आला, “जावयाला भिंतीत चिणलं का हो शेजारी?”

सप्टेंबरच्या अठरा तारखेला, म्हणजे राष्ट्रीय सणाच्या सकाळी, गल्लीत प्रत्येक दारावर झेंडा लागला, कोपऱ्यावर मांस भाजायच्या शेगड्या धुमसू लागल्या, आणि व्हिला लीझेलोटेमध्ये लीझेलोटे आणि ओटो दोघी एकाच गवताच्या ढिगात बाळंत झाल्या. सगळी मिळून अकरा. देगूची पोरं काही उंदरासारखी गुलाबी आणि आंधळी जन्मत नाहीत. डोळे उघडे, अंगावर फर, जणू सूट घालून कामाच्या मुलाखतीलाच आली आहेत. कुठलं कुणाचं, हे सांगायची सोय नव्हती. आयांनाही पडलेलं नव्हतं. जिच्यासमोर जे येईल त्याला ती पाजत होती.

अर्नाल्दोने मात्र छाननी सुरू केली. त्याने सगळ्यांत फिक्की, सगळ्यांत शिस्तीत झोपणारी दोन निवडली आणि मनातल्या मनात मंडळाच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली. तीच दोन दुसऱ्या सकाळी सर्वांत गार निघाली.

रात्रीतून पर्वताकडून गारठा उतरला होता. दोन्ही आया एकदमच खायला बाहेर पडायच्या आणि मागे अकरा पिल्लांचा ढीग उघड्यावर कुडकुडत राहायचा. गरम पाण्याची पिशवी ठेवली, ती ओटोने फोडली. अर्नाल्दोने ती दोन फिक्की पिल्लं सदऱ्याच्या आत काखेत धरली आणि पशुवैद्याला फोन लावला. काखेत एक हललं. दुसरं हललं नाही.

“बाप कुठंय?” तिने विचारलं.

“त्याचा इथं काय संबंध?”

“देगूंमध्ये आई चरायला गेली की बाप पिल्लांवर बसतो. ऊब त्याच्याकडूनच मिळते. दोन बाळंतिणी, अकरा पोरं, आणि तुम्ही बापाला बाहेर ठेवलंय? ऊब मिळाली नाही तर संध्याकाळपर्यंत अर्धी जातील, साहेब.”

अर्नाल्दोने मिरेयाकडे पाहिलं. मिरेयाने छिन्नी आणि हातोडा आधीच टेबलावर आणून ठेवला होता.

सिमेंट चांगलं होतं. मीटर खात्यात त्याने कंत्राटदारांना कधी असं चांगलं सिमेंट घालायला लावलं नव्हतं. ते फोडण्याचा आवाज ऐकून गल्लीतली सगळी मंडळी हातात एम्पानादे, म्हणजे मांसाच्या सारणाच्या करंज्या, आणि दारूचे पेले घेऊन कुंपणाशी गोळा झाली, कारण सण दुसऱ्या दिवशीही चालूच होता, आणि फुकटची करमणूक कोण सोडतो? भोक मोकळं झालं. पण बांडा येईना. तो टेकडीच्या उतारावर एका दगडावर पाठ करून बसला होता, आणि त्याची ती तोकडी शेपूट तेवढी सर्वांना दिसत होती.

“रुसलाय,” नोल्फाबाई म्हणाली.

अर्नाल्दो शिडी लावून भिंतीपलीकडे उतरला. अंगात सणाचा सूट, हातात लसूणघासाची जुडी. त्याने तोंडाने शुक शुक केलं.

“अशी हाक मारतात का जावयाला?” कुंपणावरून नोल्फाबाई. “कोंबडीला मारतात तशी? नाव घ्या, नीट बोला.”

“गुडघ्यावर बसा, दाजी,” एलिसेओ म्हणाला. तो सणासाठी आला होता आणि आयुष्यात इतका खूष कधीच दिसला नव्हता. “आमच्याकडे यांना हाकलायला माणूस ठेवलाय. बोलवायला माणूस असतो हे मी आज पहिल्यांदा बघतोय.”

अर्नाल्दो ओयार्सून क्लेनर चिखलात गुडघ्यावर बसला. कोपऱ्यावर कुणीतरी गिटार आणि टाळ्यांवर नाच सुरू केला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू, दातांतल्या दातांत म्हटलं, “चला. पोरं गारठलीत.”

बांड्याने कान हलवला.

“माझं चुकलं,” अर्नाल्दो म्हणाला. “घर तुमचंच आहे.”

हे वाक्य त्याने आजवर सासुरवाडीतही उच्चारलं नव्हतं. बांडा मात्र जागचा हलला नाही. सासरा परत शिडी चढून, सुटाची एक बाही खिळ्याला फाडून, घरात येऊन बसला, तेव्हा कुठे तो उठला, सावकाश उतार उतरला आणि भोकातून आत शिरला. त्याने लसूणघासाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ ढिगावर गेला, अंग पसरलं आणि स्वतःची गोधडी करून त्या पोरांवर पडला. अर्नाल्दोने काखेतली दोन्ही पिल्लं त्याच्या पोटाखाली सरकवली. बांडा गुरगुरला, पण चावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण वळवळत होते. न हललेलं पिल्लूही, आणि तेच आता सर्वांत जास्त भांडत होतं. अर्नाल्दोने ते बोट घालून घालून मोजले. मग त्याने भोकाच्या तोंडाजवळची कुंडी उचलून लांब ठेवली.

पशुवैद्याने नंतर सांगितलं की नर आत राहिला तर बाळंतिणींना लगेच पुन्हा दिवस जातात. मिरेया म्हणाली, “घरजावई ठेवायचा म्हटल्यावर एवढं चालायचंच.”

पोरं चांगली उड्या मारू लागली तशी एदेल्त्राउतबाई पाहणीला आल्या. सोबत मंडळाचे खजिनदार होल्त्साप्फेल, उंच, फिकट, अध्यक्षांच्या सावलीतच चालायची सवय झालेले. त्यांच्या हातात ताट, ताटात अध्यक्षांनी स्वतः केलेला अक्रोडाचा कुखेन, म्हणजे जर्मन केक, आणि त्यावर मंडळाचं चिन्ह भरलेला रुमाल. संध्याकाळचा चहा अंगणातच मांडला होता. अर्नाल्दोने बांड्याला तेवढ्यापुरतं बाहेर ठेवायचा बेत केला होता. पण बांडा त्या दिवशी जागचा हललाच नाही.

“किती शिस्तीत झोपलीत,” एदेल्त्राउतबाई जाळीशी वाकून म्हणाल्या. “रक्त लपत नाही, क्लेनर. ती दोन फिक्की आम्हाला. होल्त्साप्फेल, लिहून घ्या.” अर्नाल्दोला नुसतं ‘क्लेनर’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “आणि मंडळाच्या मेळाव्यात नव्या सभासदांत तुमचं नाव मी स्वतः वाचेन.”

तेवढ्यात ढिगाखालून बांड्याने डोकं वर काढलं. मग त्याचं उरलेलं काळसर अंग आणि शेवटी ती शेपूट दिसली.

“हे काय आहे?”

एक शब्द पुरला असता. ‘ओटो’ म्हणायचं आणि सुटायचं. सरकारदरबारीही तसंच लिहिलेलं होतं. अर्नाल्दोने तोंड उघडलं.

“हा टेकडीवरचा आहे,” एदेल्त्राउतबाईच पुढे म्हणाल्या. “असले आत शिरतात आणि सगळं नासवतात. मंडळाच्या बागेत माळी विष ठेवतो. एक पुडी तुम्हाला पाठवते. आजच.”

“तो पिल्लांचा बाप आहे,” अर्नाल्दो म्हणाला.

 मिरेयाच्या सुया थांबल्या.

“बाप ओटो आहे, असं तुम्ही म्हणाला होतात.”

“ओटो आई आहे. ती बघा, ती. आणि ती दुसरी, तीही आई. कुठलं कुणाचं ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. बाप हाच. गारठ्यात हा बसला नसता, तर तुम्हाला दाखवायला इथं काही उरलंच नसतं. पुडी पाठवू नका.”

एदेल्त्राउतबाईंनी हातमोजे घातले. एक एक बोट, सावकाश.

“सेन्योर ओयार्सून,” त्या म्हणाल्या, “तुमच्या अर्जाचा विचार पूर्ण झाला आहे.”

त्या गेल्या. मागोमाग खजिनदार गेले. अर्नाल्दो खुर्चीवर बसला. मिरेयाने त्याच्यापुढे चहा सरकवला, आणि सुरी घेऊन कुखेनवरचा रुमाल उचलला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. खजिनदार होल्त्साप्फेल एकटेच परत आले होते.

“माफ करा,” ते म्हणाले. “कुखेन राहिला. उद्या मंडळाची बैठक आहे, आणि त्या म्हणाल्या की...”

“घेऊन जा,” अर्नाल्दो म्हणाला.

त्यांनी ताट उचललं, रुमाल नीट झाकला, दारापर्यंत गेले आणि तिथेच रेंगाळले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “एक विचारू? त्या काळसराचं एखादं पोर मला मिळेल का? फिक्कं नको. त्याच्यासारखं.”

“तुम्हाला कशाला?”

खजिनदारांनी रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं. “माझी आई टेकडीपलीकडचीच आहे. कायुल आडनाव, इथल्या मूळच्या लोकांतलं. लहानपणी ती मला यांचीच बिळं दाखवायची. मंडळात कुणाला माहीत नाही.”

अर्नाल्दोने या उंच, फिकट, शुद्ध जर्मन गृहस्थाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आईपासून तोडायजोगं झालं की न्या,” तो म्हणाला. “दोन्ही आयांपासून. पण कुखेन ठेवून जा.”

होल्त्साप्फेल विचारात पडले. ताटाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. मग आत येऊन त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, रुमालाची चार घड्या घातल्या आणि तेवढा खिशात टाकला, कारण त्यावर मंडळाचं चिन्ह होतं.

“बाईंना काय सांगाल?” मिरेयाने कापता कापता विचारलं.

“कुत्र्यानं खाल्ला म्हणून सांगतो.”

“आमच्याकडे कुत्रा नाही.”

“बाईंना खरं वाटेल,” खजिनदार म्हणाले. “तुमच्याबद्दल काहीही सांगितलं तरी त्यांना आता खरंच वाटेल.” आणि खुर्ची ओढून बसत त्यांनी आपली बशी पुढे केली.